बेलरिव्हचा शेवटचा पत्ता

“त्या खुर्चीवर बोली लावू नका. बसलात की थेट जमिनीवर!”

ओडेट सीर हे कुजबुजली तेव्हा शेजारच्या उंच माणसाचा हात अर्धवट वर गेला होता. त्याने तो खाली घेतला, वळून तिच्याकडे पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

“विकणाऱ्यांच्यातल्या दिसता,” तो म्हणाला. “मग गिऱ्हाईक का पळवता?”

“पगार जूनपर्यंतच आहे. इमानही तेवढंच.”

तो हसला. त्याच्या टोपीवरचं वितळलेलं बर्फ टपकन तिच्या मनगटावर पडलं. त्याने ते बाहीनेच पुसलं, आणि पुसून झाल्यावर हात मागे घ्यायला विसरला.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार उत्तर टोकाला, नदीकाठी असलेलं बेलरिव्ह कॉलेज बंद पडत होतं. मुलं येईनाशी झाली होती. आज व्यायामशाळेत बाकं, फळे, पियानो, खानावळीतली पातेलीसुद्धा विकायला मांडली होती. कॉलेजचे संगणक ओडेट सांभाळायची. तिच्या विभागात आता तीच एकटी उरली होती.

कॉफी पिताना कळलं, तो रेमी लेव्हेक. पुलापलीकडचा, कॅनडातल्या कागद गिरणीत वायरमन. दोन्ही काठांवर आडनावं तीच, फ्रेंच तीच, कुट्टूच्या पिठाची धिरडीही तीच. मध्ये फक्त नदी आणि पहारा.

“तुम्ही इथे नेमकं काय करता?”

“सगळ्यांचे ईमेल पोचवते. पोस्टमास्तरीण म्हणा ना!”

त्याचं हसू मावळलं. “म्हणजे... माझ्या भावाचा पत्ता तुमच्यामुळे चालू आहे.”

लुक इथे शिकत होता. दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फावरच्या स्कूटरने गोठलेली नदी ओलांडताना बर्फ फुटलं. तो सापडला वसंतात. तेव्हापासून रेमी दर रविवारी त्याला कॉलेजच्या पत्त्यावर लिहीत होता.

“वेडेपणा आहे, कळतं मला. पण ते परत येत नाही हो. असा कुणी नाही, असं कुणी म्हणत नाही.”

ओडेटला खोटं बोलता आलं असतं. “पत्ता जाणार आहे,” ती म्हणाली. “लुकचा एकट्याचा नाही. बेलरिव्ह डॉट एज्यु हे अख्खं नावच.”

“मग विकत घेऊ की! आज सगळंच विकताय.”

“ते नाही विकता येत.” आणि तिने सांगितलं. तिच्याआधी हे काम बघणाऱ्या सरांनी ते नाव मागितलं, तेव्हा एका अर्जावर फुकट मिळायचं. पुढे नियम कडक झाले. एका कॉलेजला एकच नाव, तेही मान्यता असलेल्या आणि याच देशातल्या. कॉलेज मिटलं की नाव सोडायचं. विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही.

“म्हणजे आमच्या काठावर नेता येणार नाही?”

“खुर्ची न्या हवी तर. मोडकी आहे, पण कुणी अडवणार नाही.”

डोळ्यांत पाणी असतानाही तो हसला. ओडेटला वाटलं, हा माणूस आपल्याला महागात पडणार.

मग तो येतच राहिला. एप्रिलभर चिखल होता, आभाळ राखाडी होतं, गावातली दुकानं एकेक करून बंद होत होती आणि हे दोघं खानावळीच्या खिडकीशी बसून भांडत होते.

“पलीकडे धिरडी जास्त जाळीदार होतात,” तो म्हणायचा.

“पलीकडे थापा जास्त जाळीदार होतात.”

“येऊन बघ तरी एकदा.”

“नीट बोलावलंस कुठे अजून?”

तो पुढे काही बोलणार... आणि पाठीमागे नदीचा आवाज आला की विषय बदलायचा. नदीकडे पाठ करून बसायचा तो. ओडेटने एकदा न बोलता जागा बदलून दिली होती, तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड असलेली खुर्ची त्याची झाली.

मेच्या सुरुवातीला विश्वस्तांचे अध्यक्ष विन्सलो यांनी तिला बोलावलं.

“नाव वाचवायची सोय झालीय, ओडेट. दक्षिणेकडची एक कंपनी आहे. घरबसल्या अभ्यासक्रम चालवते. कागदावर कॉलेज सुरूच राहील, संकेतस्थळ ते चालवतील. अशी नावं सांभाळणाऱ्या संस्थेकडे कॉलेजतर्फे तुझी नोंद आहे. कॉलेज चालू आहे, एवढंच तू कळवायचं. तुझी नोकरी राहील. सगळे पत्ते राहतील.”

ओडेटने त्या कंपनीच्या संकेतस्थळाची जुनी पानं शोधून पाहिली. पैसे भरले की सहा आठवड्यांत परिचारिकेची पदवी! ओडेटची आई गावच्या शुश्रूषागृहात अंथरुणाला खिळलेली होती. रोज कुणीतरी परिचारिका तिच्या दंडात सुई टोचायची.

संध्याकाळी तिने रेमीला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, तो समजून घेईल.

“मग कळव ना,” तो म्हणाला.

“रेमी... ते पदव्या विकतात. आपल्या नावावर.”

“जगात रोज काय काय विकलं जातं! मला एक पत्ता हवाय. एवढंसं मागतोय मी!”

“ज्याला पदवी विकतील तो उद्या माझ्या आईच्या उशाशी उभा राहील. तुझ्याही आईच्या.”

“तुला काय जातंय? तुझा भाऊ नव्हता तो.”

तो उठला तेव्हा खुर्ची मागे पडली. त्याने ती उचललीही नाही.

ओडेटने नावं सांभाळणाऱ्या संस्थेला कॉलेज बंद झाल्याचं कळवून टाकलं, आणि त्या कंपनीचे उद्योगही. विन्सलो तिच्याशी पुन्हा बोलले नाहीत. रेमीने फोन घेतला नाही. जूनमध्ये तिने रिकाम्या खोलीत बसून शेवटचं यंत्र बंद केलं. पंख्याची घरघर थांबली आणि इमारतीत इतकी शांतता पसरली की तिला स्वतःचं रडणं ऐकू आलं.

पुढच्या रविवारी दुपारी तिच्या घराचं दार वाजलं. रेमी. दाढी वाढलेली, डोळे लाल.

“आलं परत,” तो म्हणाला. “असा पत्ता नाही, म्हणे.”

“माहीत होतं मला. रेमी, मीच...”

“थांब. मला बोलू दे, नाहीतर राहून जाईल.” त्याने चौकट घट्ट धरली. “मी तुला नको ते बोललो. तू खरं बोललीस म्हणून बोललो. आज ते परत आलं आणि... लुक गेल्यानंतर पहिल्यांदा मी पोटभर रडलो. मग दोन नावं तोंडी आली. एक त्याचं. दुसरं तुझं.”

ती पुढे झाली, आणि त्याने कपाळ तिच्या खांद्यावर टेकवलं.

“आईकडे चाललोय,” तो म्हणाला. “घरात त्याचं नाव कुणी घेत नाही. आज घेणार आहे. एकट्याने नाही जमायचं... येशील?”

“इतक्या उशिरा बोलावतात का कुणाला?” ती म्हणाली आणि कोट शोधायला आत वळली.

पुलावर पहारेकऱ्याने काचेतून वाकून पाहिलं. “या कोण तुमच्या?”

रेमीने तिच्याकडे पाहिलं.

“सांग की,” ओडेट हळूच म्हणाली. “मलाही ऐकायचंय.”

“माझी,” तो म्हणाला. “माझी आहे ही.”

पहारेकऱ्याने अडसर वर केला. पुलाच्या मध्यावर रेमीने गाडी अगदी हळू केली आणि मान वळवून खाली पाहिलं. पाणी गढूळ, भरलेलं, आपल्याच नादात चाललं होतं. ओडेटने त्याच्या हातावर हात ठेवला, आणि तो बघत असेपर्यंत तीही बघत राहिली.