आत्याच्या गिअरमधलं परकं चाक

“हलू नकोस! स्प्रिंग उडाली तर सगळी सुट्टी शोधण्यात जाईल!” चिमटी ओरडली.

तिच्या चुलतभावाने, ढब्बूने, श्वास रोखून स्क्रू सोडवला. अंगणात पसरलेल्या चादरीवर आत्याच्या जुन्या शर्यतीच्या सायकलीचा गिअर सुटा होत होता. थोड्याच वेळात जुन्या सायकलींची फेरी निघणार होती, आणि कालच दुकानातून साफ होऊन आलेला गिअर आज साखळीला एका जागी टिकू देत नव्हता!

“साखळी ताणून धरणारी ही दोन दातेरी चाकं बघ,” चिमटी म्हणाली. “सारखी हवीत ना? मग हे एक जाड कसं?”

आत्याने चाक हातात घेतलं आणि तिचे डोळेच विस्फारले. “अगं, हे माझं नाहीच! माझ्या चाकाच्या मधोमध पितळी कडी आहे. मी स्वतः बसवलेली!”

दोघं दुकानाकडे सुसाट सुटली.

“माझ्याकडे चूक? शक्यच नाही!” सायकलवाले काका गुरगुरले.

ढब्बूने लगेच गोड सूर लावला. “तेच म्हणतोय काका! एवढे जुने गिअर तुम्ही एका वेळी एकच उघडत असाल.”

“एकच? अरे, काल तुझ्या आत्याचा आणि दातांच्या डॉक्टरांचा, दोन्ही एकाच थाळीत धुतले!” काका छाती फुगवून म्हणाले, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

“म्हणजे आपलं चाक डॉक्टरांच्या गिअरमध्ये!” चिमटी किंचाळली. “तिथे ते सैल पडणार. गिअर हलून मागच्या चाकाच्या तारांत घुसला तर?”

काकांचा चेहरा पडला. पाना उचलून तेही धावले. वाटेत घराशी थांबून त्यांनी आत्याला, तिच्या सायकलीला आणि सुट्या भागांच्या डब्याला सोबत घेतलं.

फेरी निघायच्या जागी डॉक्टर सायकलीच्या सीटवर बसलेच होते. “फेरी झाल्यावर बघू, पोरांनो!”

“आत्ताच बघा!” चिमटीने त्यांना उतरवून मागचं चाक उचललं. ढब्बूने पायडल फिरवलं, गिअर बदलला आणि खळ्ळ! गिअर तारांत अडकला. चाक जागच्या जागी थांबलं!

डॉक्टरांच्या कपाळावर घाम फुटला. “चढावर असं झालं असतं तर माझेच दात हातात आले असते!”

मग रस्त्याकडेलाच दुकान थाटलं! डॉक्टरांच्या रुमालावर दोन्ही गिअरचे भाग मांडले. आत्याने सांगायचं, चिमटीने बसवायचं, ढब्बूने स्प्रिंग अंगठ्याने दाबून धरायची. काका मान खाली घालून तेल देत होते. फेरी सुटायची शिट्टी वाजता वाजता शेवटचा स्क्रू आवळला गेला.

“इतक्या वर्षांत माझं दुखणं इतक्या लवकर कुणी ओळखलं नव्हतं!” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दोघांचे काळेकुट्ट हात जोरात दाबले.

“शाब्बास रे माझ्या वाघांनो!” आत्या टांग मारत ओरडली. चढ सुरू झाला. तिने गिअर बदलला. टक्! साखळी अलगद शेजारच्या दातेरी चाकावर बसली, आणि आत्या डॉक्टरांना मागे टाकून निघाली!