विकीने सांगितलेले शंभर टक्के

भुताला मी जन्मात घाबरलेलो नाही. अद्वय, ऊठ, संडासातला दिवा लावून ये, तोवर मी तोंड उघडत नाही.

लावलास? हां. ही गोष्ट गेल्या श्रावणातली. विकी माझ्या रोजच्या पत्त्यांच्या अड्ड्यातला, म्हणून खरी.

ठाण्याजवळ बाळकुमला विकीच्या घरची शेती होती. तिथे टॉवर झाला, त्यातच सहाव्या मजल्यावर हे राहायला. बापाला, गोपीनाथशेठना, अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. ठाण्याच्या दवाखान्यात रात्री विकी बसायचा. नर्सबाईंनी समजावलेलं, "हे क्षाराचं पाणी, दोनशे मिलीचा ग्लास. चमच्याने पाजा. किती प्यायले ते टक्क्यांत सांगा. अर्धा म्हणजे पन्नास टक्के, शंभर मिली. त्यावरच डॉक्टर सलाईन ठरवतात."

म्हातारा एकेक चमचा गिळायला युग लावी. आणि खाली विकीच्या दोस्तीतली पोरं गाडी चालू ठेवून उभी. विकीने पाव ग्लास पाजला, उरलेलं संत्र्याच्या चवीचं पाणी बेसिनमध्ये ओतलं.

"शंभर टक्के, सिस्टर."

गोपीनाथ बघत होते. चालता हात त्यांनी विकीच्या मनगटावर ठेवला. घट्ट. विकीने एकेक बोट सोडवलं.

रोज तेच. रोज शंभर. डॉक्टर खूश, सलाईन काढलं. म्हातारा आतून वाळत गेला. किडन्या बसल्या, गेला. सगळे म्हणाले, पोराने सेवा केली हो.

दहाव्याची आदली रात्र. अडीच वाजलेले. विकी हॉलमध्ये बापासाठी ठेवलेल्या दिव्याशेजारी आडवा.

टिंग.

चमचा काचेला लागल्यासारखा.

तो उठून बसला. दिवा जळतोय. आई आत झोपलेली.

टिंग... बेसिनकडून.

"कोण आहे?"

तो अंधारात भिंत चाचपत गेला. बटण सापडेना. मनगटावर काहीतरी टेकलं. थंड नव्हे. कोरडं. पापुद्र्यासारखं कोरडं. मग घट्ट झालं...

विकी ओरडला. आई, सखुबाई, धावत आली, तिने बटण दाबून बत्ती लावली. कोणी नाही.

बेसिन मात्र काठोकाठ भरलेलं. नारिंगी पाणी. खालचं भोक उघडं, आणि थेंब उतरत नव्हता.

सखुबाईने बोट बुडवलं. जिभेला लावलं. मग पोराकडे बघितलं.

"विक्या, यो तं दवाखान्यातला पानी. तू बोल्लास ना, बाबांनी सगला पिला?"