तारेच्या खिडकीची फळी

"सोनंनाणं गेलं असतं तर पोलिसांत गेले असते," आर्किटेक्टबाई म्हणाल्या. "गेलीय एक झिजकी फळी. हसतील मला."

आत्या हसली नाही. तिने भाच्याला चपला घालायला सांगितलं. खासगी तपासाचं काम आत्याचं; स्कूटर चालवणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं भाच्याचं.

जुन्या पोस्टाचं वाचनालय होत होतं. जाळीच्या पाच खिडक्या तशाच होत्या; लाखेचा वास अजून भिंतींत मुरलेला. भाच्याला शाळेतली पोस्टकार्डं आठवली. खिडक्यांवरच्या पाट्या वर्षभरापूर्वीच संग्रहालयात गेल्या होत्या. तिसऱ्या खिडकीमागची लिहायची फळी तेवढी गायब. स्क्रू मात्र ओळीने मांडलेले.

"उद्या सगळ्या फळ्यांना रंधा मारायचा होता," आर्किटेक्टबाई म्हणाल्या.

रखवालदार छातीठोकपणे बोलला, "चार दिवसांत फाटकातून काडी बाहेर गेली नाही."

रंगारी डोळे चोळत म्हणाला, "मी छताकडे बघतो, बाई. फळ्यांकडे नाही."

सुतार कामाच्या टेबलाशी जेवत होता. सगळीकडे भुसा, टेबलावर मात्र स्वच्छ कागद अंथरलेला. "मी परगावचा. पंधरा दिवसांपूर्वी ही इमारत पहिल्यांदा पाहिली. तारेच्या खिडकीची फळी कोण कशाला नेईल?"

"रंगारीच," भाचा कुजबुजला. "नजर चुकवतोय."

"डोळ्यात चुना गेलाय त्याच्या. सगळ्यांना इथेच बोलाव."

सगळे जमल्यावर आत्या म्हणाली, "फळी बाहेर गेली नाही, म्हणजे आत आहे. स्क्रू जपून ठेवलेत, म्हणजे काढणाऱ्याला लाकडाची कदर आहे. आणि पाट्या वर्षापूर्वी निघाल्या. मग पंधरा दिवसांपूर्वी आलेल्या माणसाला ही तारेची, टेलिग्रामची खिडकी होती, हे कसं कळलं?"

तिने सुताराच्या टेबलावरचा कागद उचलला. खाली शाईचे डाग पडलेलं सागवान, आणि डावीकडे वाटीएवढा खळगा.

सुताराने डबा बाजूला सारला. "आई एकतीस वर्षं इथे बसायची. डावं कोपर टेकून तारा लिहून घ्यायची. नोकरी संपली, आम्ही गाव सोडलं. दोनदा रंधा हातात घेतला, चालवेना. फळी मागितली असती तर तुम्ही म्हणाला असतात, एवढं काय त्यात."

"आई आहेत?" आर्किटेक्टबाईंनी विचारलं.

"आहे. तिला दिसत नाही आता."

आर्किटेक्टबाईंनी कामाच्या यादीतून रंध्याची ओळ खोडली.

उद्घाटनाच्या सकाळी सुताराने आईला हात धरून खिडकीमागे बसवलं. म्हातारीची बोटं फळीवरून सावकाश फिरली. डावं कोपर जागेवर गेलं. समोरच्या माणसांची चाहूल लागताच तिने पदर सारखा केला आणि मान उचलली.

"पुढचं कोण?"

भाचा सगळ्यात जवळ होता. तो मुकाट्याने जाळीपाशी सरकला.