कार्डावरची राळ

मामांच्या हातात भाचीने लिहिलेले कार्ड होते, काउंटरवर ग्राहकाने नुकतीच परत आणून ठेवलेली व्हिस्कीची बाटली होती, आणि या दोहोंच्या मध्ये ती उभी होती. काउंटरच्या पलीकडे व्हायोलिन दुरुस्त करणारा तो... निघावे की थांबावे हे न उमगल्यासारखा.

“हा तिसरा ग्राहक,” मामा म्हणाले. “तिघांनाही पेअरचा वास सापडला, मध सापडला. राळ एकालाही नाही. आणि तू लिहिलंयस, ‘शेवटी रंधा मारलेलं लाकूड आणि किंचित राळ.’ अगं नाकाडे, ही राळ आणलीस कुठून?”

मामांच्या दुकानात प्रत्येक बाटलीखाली तिने हुंगून, चाखून लिहिलेले कार्ड असे. लोक तिच्या नाकाच्या भरवशावर बाटली नेत. ते नाक आजवर चुकले नव्हते. पण तिचे लक्ष त्या चुकीकडे नव्हते. काउंटरपलीकडचा हा माणूस उद्या शहर सोडून जाणार होता.

दीड महिन्यापूर्वी, एका वाऱ्याने पिसाटलेल्या दुपारी, तो लोटून दिल्यासारखा दारातून आत आला होता.

“जपानी व्हिस्की हवीय. खिशाला झेपेल अशी.”

“मग ब्लेंडेड घ्या.”

“ब्लेंडेड म्हणजे... भेसळ?”

“भेसळ नव्हे, मेळ,” ती किंचित दुखावून म्हणाली. “एक बार्लीची माल्ट व्हिस्की, भारदस्त. दुसरी मक्यासारख्या धान्यांची, हलक्या अंगाची. दोन्ही पिंपांत मुरतात, मग एकत्र येतात. तुमच्या व्हायोलिनला नाही का, पोटाचं लाकूड वेगळं, पाठीचं वेगळं?”

“मी व्हायोलिनवाला, हे कसं कळलं?”

“काखेत त्याची मान आहे तुमच्या.”

तो हसला, आणि कसे कोण जाणे, दुपार थोडी लांबली.

“प्यायची कशी, तेही सांगा.”

“उंच ग्लास काठोकाठ बर्फानं भरा. एक भाग व्हिस्की, तीन भाग थंडगार सोडा. सोडा बर्फावर ओतू नका, ग्लासच्या कडेनं ओता. आणि चमचा एकदाच फिरवायचा.”

“दोनदा फिरवला तर?”

“बुडबुडे रुसतात.”

“आणि तुम्ही?”

तिने चवीपुरते ओतले, त्याच्यापुढे धरले. एकाच ग्लासवर दोन माथी वाकली. त्याच संध्याकाळी तिने ते कार्ड लिहिले.

मग दर गुरुवारी तो नवा प्रश्न घेऊन येऊ लागला. बर्फ केवढा असावा, थंडीत कोमट पाणी चालेल का, लिंबाची साल कुठून पिळायची... प्रश्न संपत आले होते. येणे संपत नव्हते. आज मात्र प्रश्न नव्हता. “दुसऱ्या शहरातल्या कार्यशाळेनं बोलावलंय, दोन वर्षांसाठी. उद्या निघतोय,” पैसे देत तो म्हणाला होता. “ही बाटली तिथल्या पहिल्या संध्याकाळसाठी.” तिने काही बोलावे, तोच तो तक्रारीचा ग्राहक आत येऊन बाटली ठेवून गेला होता.

मामांनी परत आलेल्या बाटलीतले थोडे ग्लासात ओतले. “हुंग बघू.”

ती ग्लास घेऊन खिडकीपाशी गेली. पेअर. मध. किंचित व्हॅनिला. बस्स. पुन्हा हुंगले, राळ नव्हती. ती काउंटरकडे परतली, त्याच्या शेजारी येऊन थबकली, आणि... होती. रंधा मारलेल्या लाकडाची, राळेची तीच कोरडी, सोनेरी धग. तिची नजर त्याच्या बोटांवर गेली. नखांच्या कडांना पांढुरकी भुकटी होती, व्हायोलिनच्या गजाला चोळतात त्या राळेची.

“सापडली?” मामांनी विचारले.

“सापडली. पण बाटलीत नाही.” ती त्याच्याकडे वळली. “त्या दिवशी ग्लासवर तुम्हीही वाकला होतात. मी व्हिस्की लिहायला बसले आणि... तुम्हाला लिहून बसले.”

मामांना एकाएकी सोड्याचे क्रेट नीट लावायची निकड भासली. ते पाठमोरे झाले.

“इतके गुरुवार ते कार्ड वाचतोय मी,” तो हळूच म्हणाला. “वाटायचं, असा वास मला का येत नाही.”

“स्वतःचा कुणाला येतो?” ती म्हणाली. मग, सगळा धीर एकवटून, “उद्याचं जाणं... ठरलंच आहे?”

त्याने मामांनी खाली ठेवलेले कार्ड उचलले, शर्टाच्या खिशात जपून सरकवले. आणि तो दार ढकलून निघून गेला.

दार हलत राहिले.

“वेंधळाच आहे,” मामा वळून म्हणाले. “पैसे दिले आणि बाटली इथंच सोडली. तिकडं पहिल्या संध्याकाळी काय पिणार हा? हाक मार त्याला.”

तिने बाटलीकडे पाहिले. कार्ड इतके जपून नेणारा बाटली विसरत नाही; ती त्याने परत यायला ठेवली होती. मग ती बर्फ आणायला मागच्या खोलीत गेली... दोन उंच ग्लासांपुरता.