सात नंबरची चारची नोंद

दुपारी तीन वाजता वेदिका सलाईनची बाटली बदलायला आली. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन मला एक दिवस झाला होता. ज्या वॉर्डात चोवीस वर्षं नोकरी केली तिथेच मी आता पेशंट होते, आणि खाट मिळाली ती नेमकी सात नंबरची. दुसरी रिकामी नव्हती.

मला गार घाम सुटला होता, घशाला कोरड पडली होती. ऑपरेशननंतर असं झालं की आत रक्त जात असतं कधी कधी. आधी नाडी बघायची, बीपी बघायचं, एवढं मी झोपेतही सांगितलं असतं.

"वेदिका, माझं बीपी बघ गो जरा."

तिनं हातातल्या टॅबवर पाहिलं. "दोनचा झालाय ना, सुर्वे सिस्टर. तीनचापण. तुमचं नाव हिरवं आहे, म्हणजे नोंदी पूर्ण." तिनं बोट खाली सरकवलं. "चारचापण कोणीतरी आधीच भरून ठेवलाय..."

"कोणी?"

"मृणाली भाटकर. नवीन आल्यायत काय? मी बघितलं नाय त्यांना."

मी डोळे मिटले. दुपारी एकपासून माझ्या खाटेजवळ कोणीही आलं नव्हतं. आणि मृणाली गेल्या वर्षी मंडणगडला, माहेरी, काविळीनं वारली होती.

ती आमच्याकडे आली तेव्हा वॉर्डात नुकते कॉम्प्युटर बसले होते. तोवर माझ्या चार्टचं कौतुक व्हायचं. निळ्या शाईनं बीपी, लाल शाईनं ताप, एक खाडाखोड नाही. कॉम्प्युटरसमोर मात्र मला एक अक्षर शोधायला मिनिट लागायचं. मृणाली न बघता टाईप करायची. डॉक्टर म्हणायचे, "मृणालीला विचारा." पेशंटही तिलाच हाका मारायचे. सहा महिन्यांत ती इन्चार्ज झाली. माझ्या हाताखाली शिकलेली पोर. खोटं कशाला सांगू, माझा जळफळाट झाला. ती हसली तरी माझं डोकं उठायचं.

आमच्याकडे पद्धत अशी की सकाळी एकीनं आपल्या नावानं कॉम्प्युटर उघडायचा आणि दिवसभर सगळ्यांनी त्यावरच नोंदी करायच्या. त्या दिवशी तो मृणालीच्या नावानं उघडा होता आणि ती जेवायला गेली होती. सात नंबरला हेदवीच्या हौसाबाई होत्या, कालच ऑपरेशन झालेलं. मी खुर्चीत बसले आणि त्यांच्या दोन, तीन आणि चारच्या नोंदी एकदमच भरून टाकल्या. १२०/८०, नाडी ७६. तीन वाजता डॉक्टर राउंडला आले की चारची नोंद आधीच भरलेली बघतील आणि तिला सगळ्यांसमोर झापतील. मला एवढंच हवं होतं.

डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले. मृणाली परत आली तर यादीत सात नंबर हिरवा. कोणीतरी बघितलं असणार, असं समजून ती दुसऱ्या खाटांकडे वळली. अडीचच्या सुमारास मी तिथून गेले तेव्हा हौसाबाईंनी माझा पदर धरला. "बाय, माजा हात बग गो..." बघितलं असतं तर नोंद बदलावी लागली असती. मी पदर सोडवून घेतला.

पावणेचारला त्या गेल्या. कॉम्प्युटरवर चार वाजता त्यांची नाडी ७६ होती, मृणालीच्या नावानं. "मी नाय भरलं हो," ती म्हणत राहिली, माझ्याकडे बघून. मी हौसाबाईंची चादर काढायला घेतली. तिची नोकरी गेली, तिची खुर्ची मला मिळाली.

"आकडे काय लिहिलेत?" मी वेदिकाला विचारलं.

"एकशे वीस, ऐंशी. नाडी शहात्तर. एकदम नॉर्मल."

"ते खोटं आहे... तू स्वतः बघ."

चांगली मुलगी. कुरकुर न करता मशीन घेऊन आली, दंडाला पट्टा बांधला. पट्टा फुगला, सैल झाला. मशीनचा आवाज आला.

"हे बघा, सिस्टर. एकशे वीस, ऐंशी. शहात्तर."

मी तिचा हात धरला. सगळं सांगितलं, हौसाबाई, मृणाली, मी, आयुष्यात पहिल्यांदाच. तिनं माझ्या कपाळावरचा घाम टिपला. "भूल उतरताना होतं असं," ती म्हणाली. "पडून ऱ्हावा. पाचला येते मी."

ती गेली. खिडकीतून मांडवी बंदराकडचा वारा येत होता, सुकत घातलेल्या मासळीचा वास घेऊन. टॅब ती स्टुलावरच विसरली होती. मी मान वळवून पाहिलं. नोंदी स्वच्छ होत्या, एक चूक नाही. कॉम्प्युटरवर माझ्या हातून अशी नोंद कधी झाली नाही, आणि या अवस्थेतही ते मला डाचलं.

मग मी दोन बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायला लागले. एकशे चौतीस. पुन्हा मोजली, एकशे चाळीस. आता ठोके बोटांना नीट लागतही नाहीत. बेलचं बटण दाबलं, कोणी आलं नाही. टॅबवर माझं नाव हिरवंच आहे.

साडेतीन वाजलेत. माझी चारची नोंद झालेली आहे. पाचचा रकाना रिकामा आहे.