ओ देण्याआधी

शिवायला टाकलेले उशांचे अभ्रे आणायला मी शिंपीणबाईंकडे गेले, तिथं या सगळ्याला सुरुवात झाली. 'हाक'वर जावं की नाही असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी मी हा विषय काढत नाही. जरा जवळ सरका. मोठ्यानं बोलायचं नाहीये.

शिंपीणबाईंच्या तोंडाला कुलूप म्हणून ठाऊक नव्हतं. त्या दिवशी टीप मारता मारता त्यांनी विचारलं, तू अजून 'हाक'वर कशी नाहीस? सगळे तिकडेच चाललेत म्हणे. फोटो नाहीत, कुणाच्या सहली नि वाढदिवस बघून जळफळणं नाही. नुसते आवाज. नाव-पत्तासुद्धा विचारत नाहीत. फोनवर आपल्या माणसाची हाक येते, आपण ओ द्यायची, की झालो आपण आत. त्यांना त्यांच्या यजमानांची हाक आली होती. यजमान वारले तेव्हा मी स्वतः त्यांच्या घरी भेटायला गेले होते.

"अजून ओ दिली नाही," त्या म्हणाल्या. "आज देणार."

मी ते हसण्यावारी नेलं. कान तपासणं हा माझा धंदा आहे. डोळ्यांपेक्षा माणसाला कानच जास्त फसवतात, हे मी रोज बघते. बंद खोलीत बसवून काहीही ऐकवलं नाही तरी लोक छातीठोकपणे सांगतात, आला आवाज.

पण घरी आई होती. माझा धाकटा भाऊ कामाला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नव्हता. ना निरोप, ना पत्ता. आई बहिरी, कानातलं यंत्र काढलं तर शेजारी ढोल वाजला तरी तिला कळणार नाही. तरीही ती दिवसभर दाराकडे कान लावून बसायची. तिच्यापुढचं ताट मी रोज तसंच उचलायची. शिंपीणबाईंनी तिच्याही डोक्यात 'हाक' भरून ठेवली होती. आता आई रोज एकच विचारायची, आपण जाऊया का तिकडं? तो असेल तिथं.

मी विचार करू म्हणाले, आणि खरंच केला. कुणीतरी लोकांचे आवाज गोळा करून भलतासलता धंदा करत असेल, असं वाटायचं. दुसऱ्या क्षणी वाटायचं, करू दे. भावाचा एक शब्द कानावर पडला तरी आई दोन घास खाईल. माझीही अक्कल गहाण पडायच्या बेताला आली होती. शेवटी ठरवलं, शिंपीणबाईंनाच नीट विचारून येऊ.

दुकान उघडं होतं. शिवणयंत्र सुरू होतं, पण सुईखाली कापड नव्हतं. सुई नुसती पत्र्यावर टकटकत होती, आणि शिंपीणबाई पाय चालवत समोर बघत बसल्या होत्या. मी हाका मारल्या, खांदा हलवला. काही नाही. त्यांची जाऊ आतून आली. भरवलं तर खातात, झोपवलं तर झोपतात, हाकेला ओ तेवढी देत नाहीत, असं तिनं सांगितलं. तेवढ्यात कात्रीजवळ ठेवलेल्या फोनमधून हसू आलं. शिंपीणबाईंचंच ते, तोंडभरून. त्यांचे ओठ मात्र मिटलेले होते.

मी घरी आले ती कानाला खडा लावूनच. फोन बंद करून कपाटात टाकला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मान वर केली. कानात यंत्र नव्हतं. अजून उशाशीच पडलं होतं.

"आला गं त्याचा आवाज," ती म्हणाली. "'आई' म्हणाला..."

मी घाबरले, आणि घाबरले की मला राग येतो. म्हटलं, हे डोक्यातून काढायलाच हवं. दुपारी माझं कानाच्या यंत्रांचं दुकान जेवणासाठी बंद होतं तेव्हा तिला तिथल्या तपासणीच्या खोलीत नेलं. चारी भिंतींना जाड स्पंज, तिजोरीसारखं जड दार, मध्ये काच. आत बसलं की आपलाच श्वास मोठा वाटतो, आणि त्या स्पंजाला दमट, कोंदट वास येतो. तिचं यंत्र काढून माझ्याजवळ ठेवलं, तिच्या कानांवर हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की ती बटण दाबणार, की बाहेर माझ्यासमोरचा दिवा लागणार. मी काहीच लावणार नव्हते. दिवा लागला नाही हे तिला दाखवायचं होतं, एवढंच.

दिवा लागला.

हेडफोनची वायर मी मशीनमधून काढून ठेवली. दिवा पुन्हा लागला. विझला, लागला, कुणीतरी बोलत असावं आणि मधे थांबत असावं तसा. काचेपलीकडे आई मान हलवत होती. खोलीतल्या माइकमधून तिचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"रडतोय गं... एकटा आहे म्हणतो. एकदाच देते..."

"आई, नको. ओ देऊ नकोस."

मी ओरडत होते, आणि तिचं यंत्र माझ्याच हातात होतं. काच बडवली, तिनं वर पाहिलं नाही. दाराकडे धावले, पण ते दार पटकन उघडत नाही. मी खांदा लावून ते ढकलत होते तेव्हाच माइकमधून ऐकू आलं, "ओ..." किती आनंदानं म्हणाली ती.

आता ती पलीकडच्या खोलीत असते. भरवलं की खाते. मी तिला आई म्हणते, अगं म्हणते, पाया पडते. माझ्याकडे ती बघतसुद्धा नाही. डॉक्टर म्हणतात, म्हातारपण.

रोज मात्र माझ्या बंद फोनमधून ती मला हाक मारते. बाळ, ये ना. मागं भाऊ हसत असतो. जीव तुटतो हो माझा. इथं मी जिवंत माणसाच्या शेजारी एकटी बसलेय, आणि माझं सगळं घर तिकडे गप्पा मारतंय. काल म्हटलं पुरे, देऊन टाकू. फोन हातात घेतला, तोंड उघडलं. तेवढ्यात तिकडे आईला कुणीतरी हाक मारली, आणि आई म्हणाली, "थांब गं, तुझ्याशीच बोलतेय."

हाक मारणारा तो आवाज माझा होता. अगदी माझा, जरासा चिरका, चिडका. मी अजून ओ दिलेली नाही, तिकडे गेलेली नाही, आणि तरी मी तिथं आहे, आईशी बोलतेय.

मग त्या दुपारी आईला ज्यानं रडून बोलावलं, तो माझा भाऊच होता कशावरून?