तिसरा खडा

सकाळीच यवतमाळहून दुकानदाराचा फोन आला. "सोनीबाई, तुमची डाळ वापस पाठवून राह्यलो. अर्ध्या डाळीले साल चिकटून आहे. पुन्हा असं झालं तं आपला संबंध संपला."

घाटंजीतल्या तिच्या छोट्या डाळमिलचं हेच सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. सोनीबाईने चहा तसाच ठेवला. मशीन सुरू करू नका, असा निरोप देऊन ती निघाली.

मशीनवरचे मारोतराव हात बांधून उभे होते. "मशीन चांगलं आहे. तूरच ओली येते. तेल लावल्यावर तीन दिवस ऊन लागते. वाळवणारीले विचारा."

वाळवणारी तुळसाबाई पंधरा वर्षांपासून खळ्यावर होती. तिला लिहिता येत नव्हतं. एका दिवसाचं ऊन झालं की संध्याकाळी ती ढिगाशेजारी एक खडा ठेवी. तीन खडे दिसले की मारोतराव सकाळी सातला ढीग उचलत. ती घरचं आवरून नऊला येई.

"तुळसा, ढीग कच्चा जाते काहून?"

"मले काय माहीत?" तिने मान खाली घातली. "नको असंन तं उद्यापासून येत नाही."

सोनीबाई उरलेल्या ढिगाशी वाकली. शेजारी तीन खडे. तिने दाणा दाताखाली धरला. तो फुटला नाही, दबला.

मग तिने खडे उचलून पाहिले. दोन नदीतले, गुळगुळीत. तिसरा टोकदार, डांबर लागलेला.

पलीकडे तिचा भाचा इंद्रजीत गाडीत पोती भरत होता. डाळ विकायचं काम त्याचं. सोनीबाई गाडीच्या चाकांपाशी थोडा वेळ थांबली.

"मारोतराव, एवढ्यात यवतमाळले गेलते का?"

"नाही जी. घर आन् मिल."

"तू, इंद्रजीत?"

"काल गेलतो. सांजच्याले आलो."

"तिथल्या रस्त्याचं काम सुरू आहे ना?"

"हो. कायले?"

तिने तळहात उघडला. "तुळसा खडे नदीवरून आणते. हा खडा रस्त्याचा आहे. अशीच खडी तुह्या चाकात अडकली आहे. तुळसा घरी गेली की तू तिसरा खडा ठेवतो. मारोतराव तो पाहून ढीग उचलतात. आज माह्या निरोपानं ढीग राह्यला, म्हणून सापडला."

इंद्रजीतने पोतं खाली ठेवलं. "काय करू, मावशी? मोठं मशीन तू आणलं. त्याचं शेड अर्ध्या खळ्यावर बांधलं. गिऱ्हाईक वाढव म्हणाली, मी वाढवलं. तीन दिवस वाळवाले जागा ठेवली कुठं?"

सोनीबाईने वळून पाहिलं. शेडची सावली उरलेल्या खळ्यावरही पडली होती.

"तुळसा, तुले समजलं नाही?"

"समजलं. दोनच ठेवले असं वाटे. मारोतराव म्हणत तीन होते." तुळसाबाई हळू बोलली. "मंग वाटलं, म्हातारपणी माहीच मोजणी चुकते. कोणाले सांगू?"

"इंद्रजीत, दुकानदाराले फोन लाव," सोनीबाई म्हणाली. "सांग, यापुढं अर्धीच डाळ देऊ. आन् मारोतराव, शेडचे पत्रे काढाले माणसं पाहा."

तिने डांबराचा खडा कुंपणाबाहेर फेकला. तुळसाबाईने उरलेले दोन खडे ढिगाशेजारी मांडले. बोट लावून मोजले. मग पुन्हा मोजले.